परसबागेतील पेरणीचा काळ

परसात किंवा गच्चीवर भाजीपाल्याचे बी केव्हा टाकावे, याचा स्थानिक हवामानावरून बांधलेला अंदाज. युरोप-अमेरिकेच्या थंड भागांत वसंतातील शेवटच्या गोठणाऱ्या दंवाची तारीख धरून काही आठवडे आधी घरात रोपे करायला घेतात. महाराष्ट्रात आणि गोव्यात असे दंव क्वचितच पडते. येथे पाऊस कधी लागतो, कधी ओसरतो आणि ऊन कधी चढते, यावर सारे अवलंबून. परदेशी बियाण्याच्या पाकिटावरचे महिने म्हणूनच जसेच्या तसे पाळू नयेत.

जुना हिशेब नक्षत्रांचा. ७-८ जूनच्या सुमारास मृग लागतो आणि मोसमी पाऊसही साधारण त्याच वेळी कोकणात पोहोचतो; विदर्भात तो काही दिवस मागाहून येतो. कोकणात पडवळ, दोडका, कारली, काकडी यांच्या बिया या पावसाला आळ्यांत टाकतात आणि वेल चढू लागण्याआधी मांडव घालतात. मात्र पहिल्या सरीला भुलू नये. वरची दोन बोटे माती भिजते, खाली ती कोरडीच असते आणि पावसाने ओढ दिली की उगवलेला कोंब करपतो. वाफसा पाहावा : मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टोकरताच फुटावा. तारखेपेक्षा ही खूण भरवशाची.

टोमॅटो, वांगी, मिरची यांची आधी रोपे करतात. टोमॅटोचे रोप २५ ते ३० दिवसांत, वांग्याचे सुमारे ५ आणि मिरचीचे सुमारे ६ आठवड्यांत लावण्याजोगे होते. तेवढे दिवस लागवडीच्या वेळेपासून मागे मोजावेत. घरच्या टोमॅटोसाठी पावसाळ्याच्या उत्तरार्धात टाकलेले बी सर्वांत सोयीचे. त्याची फळधारणा थंडीत होते. कडक उन्हाळ्यात, विशेषतः रात्री उष्ण असताना, फुले गळतात. भर पावसात रोपे बुंध्याशी कुजून कोलमडतात, म्हणून गादीवाफा उंच ठेवावा किंवा ट्रे पागोळीपासून दूर, आडोशाला ठेवावेत.

पालक आणि कोथिंबीर उष्ण मातीत नीट उगवत नाहीत. ऑक्टोबरचे ऊन उतरल्यावर त्यांची खरी वेळ. उलट भेंडी आणि वेलभाज्या थंडीत अडतात. निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या भागात डिसेंबरमध्ये टाकलेली भेंडी कित्येक दिवस मातीतच पडून राहते. उन्हाळी भेंडीसाठी तेथे थंडी ओसरू द्यावी.

फ्लॉवरमध्ये तर महिन्याबरोबर वाणही बदलावा लागतो. ‘पुसा कातकी’ हा लवकर येणारा वाण, ‘स्नोबॉल १६’ थंडीचा. लवकरचा वाण उशिरा लावला तर गड्डे बटणाएवढेच राहतात. थंडीचा वाण घाईने लावला तर गड्डा न धरता पानेच वाढत राहतात. दुकानातून नुसते ‘फ्लॉवरचे बी’ आणण्यापेक्षा वाणाचे नाव विचारून घ्यावे.

शहरी घरात इमारतीमुळेही हवामान बदलते. गच्चीचा स्लॅब एप्रिल-मेमध्ये इतका तापतो की कुंड्यांतील माती आजूबाजूच्या जमिनीहून गरम होते. तेथे बी शेडनेटखाली रुजवावे. उत्तरेकडच्या बाल्कनीत हिवाळ्यात थेट ऊन येत नाही, कारण सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. तेथे त्या काळात टोमॅटोचा आग्रह सोडून पुदिना किंवा पालेभाजी लावावी.