सांभाळणाऱ्यांची शिकवण : मध्य प्रांतातील दुष्काळ आणि केडगाव

जबलपूरमधील अधारताल हा तलाव राणी दुर्गावतीचा मंत्री आधारसिंह याच्या नावाने ओळखला जातो. जलसंचयाची अशी परंपरा असलेला हा मुलूखही १८९६-९७ च्या दुष्काळात होरपळून निघाला. त्या वेळी मध्य प्रांतात गेलेल्या पंडिता रमाबाईंनी स्वतः १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील व थोरली बहीण गमावली होती. तरीही त्यांच्या इंग्रजी वृत्तान्तात उपासमारीइतकेच स्थान निराधार तरुण स्त्रियांवरील अत्याचारांना आहे. मदतछावणीतील देखरेखीची माणसेच त्यांना भक्ष्य करीत होती.

रमाबाईंनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने केडगावच्या शेतावर वसाहत उभी राहिली. तीच पुढे ‘मुक्ती’ झाली. एवढ्या भेदरलेल्या मुलींना सांभाळणार कोण? हे काम मुख्यतः शारदासदनात शिकलेल्या स्त्रियांवर आले. त्यांतील पुष्कळजणी बालविधवा होत्या. स्वतः सोसलेले हेच त्यांचे पहिले प्रशिक्षण होते. ‘मानसिक आघात’ ही संज्ञा त्यांच्यापाशी नव्हती. समाजाजवळ होता तो ‘पतित’ हा शब्द. इंग्लंडमधील वास्तव्यात फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांना जोगिणी देत असलेली वागणूक रमाबाईंनी पाहिली होती. पुढे केडगावात अशा स्त्रियांसाठी निघालेल्या कृपासदनाचे मूळ तेथे शोधता येते.

मात्र या शुश्रूषेला एक अट चिकटलेली होती. सावरलेल्या स्त्रीने ‘साक्ष’ द्यावी, ही अपेक्षा १९०५ च्या धर्मजागृतीनंतर अधिकच दृढ झाली. ‘मुक्ती प्रेअर बेल’मधून केडगावची हकिगत परदेशी देणगीदारांपर्यंत जात असे. दुःखाचे कथन हेच आश्रयाचे मोल ठरण्याचा धोका येथे स्पष्ट दिसतो. भक्तिभावाच्या कौतुकात तो सहसा नजरेआड होतो.

मुंबई महानगरपालिका व ‘सेहत’ यांनी २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू केलेल्या ‘दिलासा’ केंद्रात रुग्णालयातीलच कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनी तर बोलण्यासाठी दबाव न आणता ऐकणे, हे प्राथमिक आधाराचे अंग मानले. केडगावच्या साक्षीशी याचा थेट विरोध आहे.

भाषेचा प्रश्न राहतोच. मध्य प्रांतातून आलेल्या अनेकींची बोली मराठी नव्हती. सांभाळणाऱ्यांची मराठी होती आणि वाचणाऱ्यांची इंग्रजी. तीन भाषांच्या या प्रवासात मूळ बोलीतले मौन कुठेच नोंदले गेले नाही.