एकच नाका

आमचा धंदा ट्रान्सपोर्टचा, त्यामुळे तालिबानचा इतिहास वाचताना माझी नजर मदरशांआधी नाक्यांवर जाते. पाकिस्तानातलं क्वेट्टा ते अफगाणिस्तानातलं कंदाहार हा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. सोव्हिएत फौजा १९८९ साली परतल्या आणि प्रत्येक टोळीवाल्याने रस्त्यावर आपापली साखळी आडवी बांधली. पैसे टाका, साखळी खाली. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. क्वेट्टा-चमनचे ट्रकवाले पार पिळून निघाले होते.

पाकिस्तानच्या पंतप्रधान बेनझीर भुट्टोंचे गृहमंत्री नसीरुल्ला बाबर यांना याच रस्त्याने मध्य आशिया गाठायचा होता. ऑक्टोबर १९९४ मध्ये तालिबानने सरहद्दीवरचं स्पिन बोल्दक घेतलं. महिनाअखेरीस तीसेक ट्रकांचा सरकारी ताफा तुर्कमेनिस्तानला निघाला, सोबत पाकिस्तानी गुप्तचर संस्था आयएसआयचे कर्नल इमाम. कंदाहारजवळ तो अडवला गेला. तालिबानने ३ नोव्हेंबरला तो सोडवला, अडवणाऱ्या एका कमांडरला गोळ्या घातल्या आणि प्रेत सगळ्यांना दिसेल असं रणगाड्याच्या नळीला टांगलं. लगोलग कंदाहार पडलं. साखळ्या गेल्या, एकच नाका उरला, आणि ट्रकवाल्यांनी तिथे खुशीने पैसे मोजले. खोटं कशाला बोलू, मीही मोजले असते.

मेख वेगळीच होती. १९६५ च्या करारानुसार कराचीत उतरलेला माल ड्यूटी न भरता अफगाणिस्तानात जाई आणि त्यातला बराचसा चोरवाटांनी पाकिस्तानच्याच बाजारात परत येई. म्हणजे मोकळ्या केलेल्या रस्त्यावर सरकारचाच महसूल बुडत होता. तरी १९९७ साली तालिबानला सर्वांत आधी मान्यता दिली ती पाकिस्ताननेच.

दोन देशांमधल्या ड्युरंड रेषेला सरहद्द मानायला मात्र तालिबान कधीच तयार झालं नाही. त्यात २००७ साली पाकिस्तानातच पाकिस्तानी तालिबान ही वेगळी संघटना उभी राहिली. २०१४ मध्ये तिने पेशावरच्या शाळेत १३० हून अधिक मुलं मारली. कर्नल इमामना २०१० साली वझिरिस्तानात पळवून नेलं आणि पुढच्या वर्षी पाकिस्तानी तालिबाननेच ठार केलं.

२०२१ मध्ये काबूल पुन्हा तालिबानकडे गेलं, तेव्हा इस्लामाबादेत अनेकांना आनंद झाला. पण याच पाकिस्तानी तालिबानवरून ऑक्टोबर २०२५ मध्ये पाकिस्तान आणि अफगाण तालिबान यांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या आणि तोरखम व चमनची फाटकं बंद झाली. ज्या रस्त्यासाठी एवढा खटाटोप केला, तोच पाकिस्तानला स्वतःच्या हाताने बंद करावा लागला.