जॅझ यात्रा आणि धोबीतलावची माणसं

मंडळी, भिसेगावात बसून जॅझवर लिहायचं म्हणजे जरा गंमतच! आमच्याकडे ट्रम्पेट ऐकू येतो तो लग्नाच्या वरातीत. पण आज लिहायचंय ते मुंबईच्या जॅझ यात्रेबद्दल, आणि ती काही आपल्यापासून फार लांब भरत नव्हती. जागा होती धोबीतलावचं उघड्यावरचं रंगभवन. व्हीटीपासून, म्हणजे जिथून आपली कर्जत लोकल सुटते तिथून, चालत दहा-पंधरा मिनिटं.

पहिली यात्रा १९७८च्या फेब्रुवारीत झाली. निरंजन झवेरी आणि त्यांची 'जॅझ इंडिया' ही संस्था तिच्यामागे होती. नाव मला फार आवडतं. यात्रा म्हटली की गावचे आणि परगावचे एकाच मांडवात आले. इथेही तसंच. पहिल्याच वर्षी अमेरिकेतला थोर सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स वाजवून गेला. तो मुंबईला नवखा नव्हता बरं का! १९६०च्या दशकाच्या अखेरीस तो पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात राहिला होता.

हे झाले पाहुणे. पण यजमान कोण?

धोबीतलाव म्हणजे गोवेकरांच्या कुडांचा भाग. नोकरीच्या शोधात आलेल्या गोव्यातल्या माणसाला आपल्या गावच्या कुडात स्वस्तात राहायला मिळायचं. त्यातल्या अनेकांच्या ट्रंकेत व्हायोलिन किंवा ट्रम्पेट असे. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळेत त्यांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकवलेली. १९३५मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागोमाग आणखी अमेरिकन वादक आले. त्यांच्याकडून हे संगीत गोव्याच्या वादकांनी उचललं आणि आपलंसं केलं. हळदोण्याचे आंतोनियो शावियर वाझ हे 'चिक चॉकलेट' झाले, लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

मग १९४९चा दारूबंदीचा कायदा आला. हॉटेलांतल्या रात्री ओसरल्या, आणि वादकांना मोठा आधार उरला तो सिनेमाच्या स्टुडिओंचा. इथे आपली मराठी माणसं येतात. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्याकडे चिक चॉकलेट सहायक होते. १९५१चा भगवानदादांचा 'अलबेला' आठवा. त्यातल्या ट्रम्पेटवर आपल्या आईवडिलांच्या पिढीने ठेका धरला, पण ते जॅझ आहे हे कुणी त्यांना सांगितलंच नाही. वादकांची नावं श्रेयनामावलीत सहसा येतच नसत.

एक नाव मात्र घरोघरी पोचलं. १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'मधला अँथनी गोन्साल्विस. पोटभर हसलो आपण त्यावर. पण त्या नावाचे खरे गृहस्थ होते, गोव्यातल्या माजोर्ड्याचे, व्हायोलिनवादक आणि संगीत-संयोजक. प्यारेलाल त्यांचे शिष्य, आणि शिष्याने गाण्यातून गुरूचं नाव अमर केलं.

म्हणून मला १९७८ महत्त्वाचं वाटतं. सिनेमाच्या पडद्यामागे राहिलेल्या या परंपरेतले वादक रंगभवनात समोर आले, स्वतःच्या नावाने, जगातल्या मोठ्या वादकांच्या रांगेत. गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस आणि पियानोवादक लुई बँक्स यांनी कर्नाटक संगीत गाणाऱ्या रमामणींना सोबत घेऊन राग आणि जॅझ एकत्र मांडले, आणि पुढे युरोपातही वाजवून आले. दोन्हीकडे ऐन वेळी सुचेल ते फुलवत न्यायचं असतं, त्यामुळे ही सोयरीक ओढूनताणून जुळवलेली नव्हती.

चिक चॉकलेट मात्र हे बघायला नव्हते. ते १९६७मध्येच गेले.

रंगभवनही गप्प झालं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २०००मध्ये आले. जवळच रुग्णालयं आणि कॉलेज, त्यामुळे तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि तिथले जलसे बंद पडले. रुग्णांना शांतता हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण लोकलने येऊन, उघड्यावर बसून ऐकण्याची एक जागा गेली ती गेलीच.

असो. नातेवाईक मंडळींना एकच विनंती. तुमच्यापैकी कुणी रंगभवनात जॅझ ऐकलं असेल, तर कुणाकुणाला ऐकलंत ते आठवून लिहून ठेवा. पाहुण्यांची नावं पुस्तकांत सापडतात, यजमानांची मात्र आपणच जपायला हवीत.