गवत कापणारं पातं आणि गाडीचा खांब

छोट्या, वेगवान गाडीचं दार उघडा आणि पुढच्या-मागच्या दारांमधला खांब पाहा. सीटबेल्टचं वरचं टोक जिथे अडकवलेलं असतं, तोच. याला बी-पिलर म्हणतात. प्लास्टिकचं आवरण काढलं की आतला पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचा निघतो. बाजूनं दुसरी गाडी आदळली तर बसलेल्या माणसाची सगळी भिस्त या पत्र्यावर असते. त्याची कुळी शोधत गेलं की आपण शर्यतीच्या मैदानात पोचत नाही. पोचतो स्वीडनमध्ये, गवत कापायच्या यंत्राच्या पात्यापाशी. आणि त्या पोलादाला लागणारा मँगनीज मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटला लागून भरवेलीत जमिनीखालून निघतो.

अशा छोट्या, वेगवान गाड्यांच्या वजनवाढीची ठळक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. १९७६ची पहिली गोल्फ जीटीआय ३.७ मीटर लांब, सुमारे ८१० किलोंची आणि ११० अश्वशक्तीची होती. आठव्या पिढीची गोल्फ जीटीआय २०२० साली आली तेव्हा जवळपास ४.३ मीटर लांब, १४०० किलोंच्या वर आणि २४५ अश्वशक्तीची होती. असं का झालं, तर 'सुरक्षिततेमुळे', हे ठरलेलं उत्तर. माझं म्हणणं उलट आहे. सुरक्षिततेचं ओझं पोलादानं बरंचसं आपल्या अंगावर घेतलं, आणि तिथे वाचलेलं वजन आपण गाडी लांब-रुंद करण्यात आणि यंत्रं भरण्यात खर्च केलं.

पोलादानं हे कसं साधलं? १९७७ साली स्वीडनमधल्या नॉरबॉटनच्या पोलाद कारखान्यानं एका पद्धतीचं पेटंट घेतलं. पत्रा भट्टीत ९०० अंशांच्या वर तापवायचा, लालभडक असतानाच साच्यात दाबायचा आणि त्याच साच्यात झटकन थंड करायचा. साच्याच्या पोटात पाण्याच्या वाहिन्या असतात. आकार देणं आणि पाणी देणं, लोहाराची ही दोन कामं इथे एकाच दाबात उरकतात. ६०० मेगापास्कलच्या आसपासची ताकद १५०० पर्यंत जाते. पद्धतीचा पहिला उपयोग झाला करवतीच्या आणि गवत कापणाऱ्या यंत्रांच्या पात्यांसाठी. १९८४ साली साब कंपनीनं आपल्या ९००० या गाडीत असा कडक केलेला भाग बसवला, आणि पात्याचं पोलाद मोटारीच्या सांगाड्यात शिरलं. आज ते जगभरच्या गाड्यांच्या खांबांत आणि दारांच्या आडव्या दांड्यांत असतं.

आता श्रेयाचा वाद. कारखान्यात सगळे याला 'बोरॉन स्टील' म्हणतात. बोरॉनचा हक्क मी नाकारत नाही: शेकडा ०.००२ ते ०.००५ इतक्या चिमूटभर प्रमाणात तो पोलादाला मऊ रूप घेण्यापासून अडवतो. पण या जातीचं नाव २२एमएनबी५ आहे, आणि त्यात बोरॉनच्या 'बी'आधी मँगनीजचं 'एमएन' येतं. मँगनीज असतो शेकडा १.२च्या आसपास, म्हणजे शंभर किलो पत्र्यात सव्वा किलोभर. त्याच्यामुळे पोलादाचं रूपांतर रेंगाळतं. भट्टीतून साच्यापर्यंतच्या काही सेकंदांत पत्रा मऊ पडत नाही, आणि सेकंदाला तीसेक अंशांचा थंडावा मिळाला तरी तो पूर्ण कडक होतो. शिवाय पोलादाला ठिसूळ करणाऱ्या गंधकाला तोच बांधून ठेवतो. हे दुसरं काम जुनं आहे. १८५६च्या बेसेमर पद्धतीचं पोलाद वापरण्याजोगं झालं ते रॉबर्ट मुशेटनं त्यात मँगनीजयुक्त लोखंड मिसळल्यावर. दोन कामं करणाऱ्याचं नाव बोलण्यातून गळावं, हे मला अन्यायाचं वाटतं.

बालाघाट इथे कुळाचं मूळ गाव म्हणून येतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य प्रांतातला मँगनीज जहाजांनी परदेशी पोलाद कारखान्यांकडे जात होता. भूवैज्ञानिक फर्मॉरनं १९०९ साली भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ लिहिला आणि इथल्या मँगनीजी खडकाला गोंड लोकांवरून 'गोंडाइट' नाव दिलं. आज भरवेली, उकवा, तिरोडी या खाणी नागपूरच्या 'मॉइल' कंपनीकडे आहेत, आणि बालाघाटात फेरोमँगनीजचा कारखानाही आहे. वितळलेल्या पोलादात मिसळल्यावर मँगनीजचं गाव पुसलं जातं. तरी पोलाद मुख्यतः देशी आणि देशात निघणारा मँगनीज मुख्यतः या सातपुड्याच्या पट्ट्यातला, म्हणून पुण्यात बनणाऱ्या गाडीत भरवेलीचा अंश असणार, असं मी खुशाल मानतो.

वजन सुरक्षिततेमुळे वाढलं नाही, हे माझं मत आता तपासू. सुझुकी स्विफ्ट स्पोर्टची २०१७ची पिढी ९७० किलोंची आणि १४० अश्वशक्तीची. म्हणजे आधुनिक गाडी टनाच्या आत बसते. टोयोटाची जीआर यारिस ३,९९५ मिलिमीटर लांब, म्हणजे स्विफ्ट स्पोर्टहून जेमतेम दहा सेंटिमीटर जास्त, तरी १,२८० किलोंची. इथे 'लांबी वाढली म्हणून वजन वाढलं' हे माझं साधं सूत्र तुटतं. तीनशे किलोंचा फरक रुंदी, चारही चाकांना ताकद पोचवणारी यंत्रणा आणि मोठं इंजिन यांचा आहे. माझ्या मताला दुरुस्ती लागते, पण खांब निर्दोषच राहतो.

दुसरा आक्षेप जड आहे: हलकी गाडी कमी सुरक्षित. भारतीय स्विफ्टला २०२२ साली ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत एकच तारा मिळाला, हे खरं. पण युरोपात २०१७ साली त्याच पिढीच्या स्विफ्टला तीन, आणि जादा सुरक्षा-साहित्यासह चार तारे मिळाले. हलकेपणा तोच, तारे वेगळे. म्हणजे प्रश्न किलोंचा कमी आणि ते कुठे नि कसे लावले याचा जास्त.

आपल्याकडे आकाराचा लगाम सरकारच्या हाती आहे. २००६च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. अट अशी की लांबी ४,००० मिलिमीटर आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आत. ती रेघ सप्टेंबर २०२५च्या जीएसटी बदलातही टिकली. २०२४ साली आलेली, १२० अश्वशक्तीची पुण्याची अल्ट्रोझ रेसर ही गाडी ३,९९० मिलिमीटर लांब आणि १,१९९ सीसीची होती, ती या रेघेमुळेच. पण कर लांबी मोजतो, वजन मोजत नाही. उलट इंधनाच्या नियमांत कंपनीच्या गाड्यांचं सरासरी वजन वाढलं की तिला मिळणारी कार्बनची मुभाही वाढते. ही उफराटी सवलत काढावी आणि हलक्या गाडीला करात जागा द्यावी. ९०० किलोंची दणकट, चपळ गाडी घडवायला लागणारं पोलाद आपल्याकडे आहे, आणि त्याला लागणारा मँगनीज तर बालाघाटात शतकाहून अधिक काळ निघतोच आहे.