कलगीचा सवाल, तुऱ्याचा जवाब

दोन पुढारी एकमेकांवर घसरले की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ठरलेला मथळा येतो: 'अमक्यातमक्यात कलगीतुरा रंगला.' वाचणारा समजतो की कलगीतुरा म्हणजे भांडण. माझ्या वर्गातल्या मुलांना मी ह्या शब्दाचा अर्थ विचारला तेव्हा पंचेचाळीसपैकी चाळीस मुलांनी 'भांडण' असेच उत्तर दिले. उरलेली पाच गप्प बसली. एका मोठ्या परंपरेची आपल्या बोलण्यात एवढीच खूण उरावी ह्याचे वाईट वाटते. कारण कलगी आणि तुरा हे दोन पक्ष भांडत होते हे खरे असले, तरी त्यांचे भांडण एकत्र बसून, एकमेकांचे ऐकून घेऊन, रात्र रात्र चालत असे.

हे पक्ष कशावरून पडले? तुरेवाल्यांचे म्हणणे असे की शिव, म्हणजे पुरुष, म्हणजे ब्रह्म हेच श्रेष्ठ. कलगीवाले म्हणत, शक्तीवाचून शिव काय करणार? माया, प्रकृती, आदिशक्ती हीच थोर. ह्या तंट्याची एक दंतकथा उत्तरेकडून आली आहे. तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाहअली नावाचा फकीर ह्या दोघांचा चंदेरीच्या राजापुढे सामना झाला. हार कोणालाच येईना. राजाने प्रसन्न होऊन गोसाव्याला आपल्या पगडीचा तुरा दिला आणि फकिराला कलगी. कथेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवू; परंतु तिच्यातली एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. आदिशक्तीची बाजू घेऊन उभा राहिला तो मुसलमान फकीर! पक्ष जातीने वा धर्माने ठरला नव्हता. तो गुरूने ठरत होता. ज्या गुरूचा डफ हाती घेतला त्याचा पक्ष आपला. अंगरखा चढवावा तसा तो पक्ष शाहीर अंगावर चढवी आणि मग त्याच्याच तोंडाने बोले.

सामन्याची रीत मोठी पाहण्यासारखी. देवळापुढे दोन फड समोरासमोर बसायचे. डफ, तुणतुणे आणि टाळ एवढाच सरंजाम. आधी गण व्हायचा, मग एका बाजूने भेदिक लावणी यायची. भेदिक म्हणजे आत भेद, कोडे, लपवलेले. पुराणातला एखादा अवघड प्रसंग, वेदान्तातली एखादी अडचण, देहातली तत्त्वे असे काही गूढ त्या लावणीत गुंफलेले असे आणि शेवटी समोरच्या फडाला आव्हान असे की असशील खरा शाहीर तर ह्याचा उलगडा कर. मग दुसऱ्या फडाने उठून, शक्य तर त्याच चालीवर, जवाब द्यायचा आणि त्याच्या मागोमाग आपला सवाल टाकायचा. गावकरी पंच होऊन बसत. त्यांना लिहितावाचता येवो न येवो, हरिविजय आणि पांडवप्रताप ऐकून त्यांचे कान तयार झालेले असत.

आता ह्यातली मेख पाहा. कलगीवाल्याला जिंकायचे असेल तर त्याला तुऱ्याचे शास्त्र तुरेवाल्याइतकेच पाठ हवे. मायेची थोरवी गाणाऱ्याने ब्रह्माची बाजू कोणत्या अंगाने येईल हे आधी घरी बसून ओळखायला हवे. अशा रीतीने विरोधकाचे म्हणणे शिकणे हाच धंद्याचा अर्धा अभ्यास होऊन बसला. शिवाय समोर फड नसेल तर आपला फड तरी कोणाला दाखवायचा? जवाब देणारा नसेल तर सवाल म्हणजे नुसती हवेत मारलेली काठी. म्हणून जत्रेचे पंच सुपारी द्यायचे ती दोन्ही पक्षांना.

आमच्या नगर जिल्ह्याला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ह्या शाहिरीत मानाचे पान आहे. प्रवरेकाठच्या संगमनेरचा अनंत फंदी (1744–1819) हा आमचा. आडनाव घोलप, जात यजुर्वेदी ब्राह्मण. आणि 'फंदी' हे नाव त्याला मलिक फंदी नावाच्या फकिराच्या दोस्तीमुळे पडले असे सांगतात. चंदेरीची दंतकथा दूरची वाटत असेल, तर ही घरची घ्या. तमाशाच्या नादी लागलेल्या ह्या ब्राह्मणाला अहिल्याबाई होळकरांनी उपदेश केला आणि तो कीर्तनाकडे वळला, अशीही आख्यायिका आहे. अहिल्याबाई 1725 साली जामखेड तालुक्यातल्या चोंडी गावी जन्मल्या. त्याच तालुक्यात खर्डा आहे आणि खर्ड्याच्या लढाईवर फंदीने पोवाडा रचला. 1795 हे एकच वर्ष पाहा: मार्चमध्ये खर्ड्याचा विजय, ऑगस्टमध्ये अहिल्याबाईंचा मृत्यू आणि ऑक्टोबरमध्ये सवाई माधवरावांचा. त्या शेवटच्या दुःखावर फंदीने 'माधवनिधन' लिहिले.

त्या पिढीत जातीपातींची केवढी सरमिसळ होती! सोलापूरचा रामजोशी ब्राह्मण, होनाजी गवळी, सिन्नरकडच्या वावी गावचा परशराम शिंपी, जेजुरीचा सगनभाऊ मुसलमान शिकलगार. होनाजी आणि सगनभाऊ ह्यांची चढाओढ तर प्रसिद्धच आहे. एरवी ह्या मंडळींनी एकमेकांच्या ओसरीवर पाय ठेवला असता की नाही कोण जाणे, परंतु फडात ती समोरासमोर येत. 1947 साली 'लोकशाहीर रामजोशी' हा बोलपट आला आणि 1964 साली 'सवाल माझा ऐका'. आमच्या आधीच्या पिढीतल्या शहरी माणसांना सवालजवाब माहीत झाला तो बहुधा अशा पडद्यावरूनच.

ही रीत फक्त आपलीच नव्हे. राजस्थानात चितोडकडे तुर्रा-कलंगीचे ख्याल आहेत. बंगालमध्ये कविगानात दोन कवियाल असेच भिडत, आणि त्यांत अँथनी नावाचा एक फिरंगीही होता. आपल्या कोकणात शक्ती-तुरा आजही जिवंत आहे. गणपतीत तो गावोगाव रंगतो आणि मुंबईतल्या चाकरमान्यांसाठी तिथल्या नाट्यगृहांतही होतो.

मात्र मी हे सारे सोवळे करून सांगणार नाही. कित्येक भेदिक लावण्या म्हणजे नुसती कोडी. ज्याच्या गुरूने उत्तर सांगून ठेवले तो जिंके, ज्याला ठाऊक नाही तो हरे. बुद्धीचा त्यात काही संबंध नसे. फडाची बाडे पेटीत कुलूप लावून ठेवीत आणि शिष्यालाही शेवटचा भेद देत नसत, त्यामुळे पुष्कळ रचना म्हाताऱ्यांबरोबर सरणावर गेल्या. कधी शास्त्र संपले की शिव्या सुरू होत, आणि शिव्या संपल्या की काठ्या. शक्तीची बाजू गाणाऱ्या ह्या फडांत शक्तीचा अवतार म्हणावी अशी बाई फारशी नसे, हेही एक नवलच.

माझे आजोबा तुरेवाल्यांच्या फडात टाळ धरीत. आमच्या गावात वरची आळी आणि खालची आळी असे दोन तट होते. पाण्याच्या पाटावरून कोर्टकचेऱ्या झालेल्या. वरची आळी कलगीची, खालची तुऱ्याची. वर्षभर एकमेकांकडे न पाहणारी माणसे चैत्रातल्या जत्रेच्या रात्री मात्र समोरासमोर मांडी घालून बसत. आजोबा म्हणत, "अरे, बोलायचं नाही म्हणून किती दिवस गप्प बसणार? सवाल आला की तोंड उघडावंच लागतं." एका जत्रेला कलगीच्या शाहिराचा घसा बसला. पहाट व्हायची होती, जवाब बाकी होता. तेव्हा आजोबांच्या फडातल्या म्हाताऱ्या शाहिराने आपल्या चंचीतली ज्येष्ठमधाची कांडी काढून समोर पाठवली आणि पंचांना घटकाभर थांबायला सांगितले.

पाटाचा दावा त्यानंतरही चालूच राहिला. पण गेल्या वर्षी शाळेच्या संमेलनात मी दोन्ही आळ्यांच्या मुलामुलींचे दोन फड केले, आणि शक्तीची बाजू मुद्दाम मुलींना दिली. खालच्या आळीची एक पोर सवालाचा जवाब शोधायला वरच्या आळीतल्या एका आजीकडे आठ दिवस जात होती. आजीने जवाब तर सांगितलाच, वर तिला विचारले, "तुमच्या म्हाताऱ्याकडं ते जुनं बाड अजून आहे का गं?"

बाड आहे. वाळवीने कडा खाल्ल्या आहेत, पण मधली पाने वाचता येतात. सध्या सुट्टीत ती पोर आणि ती आजी दोघी मिळून ते उतरवून घेत आहेत.