मागील पानावरून पुढे चालू

आमच्या शाखेच्या माळ्यावर जुनी लेजरं अजून आहेत. पान भरलं की तळाशी बेरीज मारून 'पुढे नेले' लिहायचं आणि नव्या पानाच्या माथ्यावर तोच आकडा 'मागून आणले' म्हणून मांडायचा, ही त्या काळची रीत. कॉमर्सची पदवी घेताना मला पक्कं समजलेलं असं एवढंच. बाकी सगळं परीक्षेपुरतं होतं.

खेळात ही रीत फार जुनी आहे. लहानपणी दिवेलागणीला आयांच्या हाका सुरू झाल्या की डाव मोडायचा. पण 'उद्या पहिलं राज्य तुझ्यावर' हे कोणीतरी बजावल्याशिवाय घरी जायचं नाही. दुसऱ्या दिवशी ते राज्य बिनचूक वसूल व्हायचं. कागद नाही, सही नाही, तरी एका पैचा फरक नाही.

संगणकाला मात्र ही साधी गोष्ट शिकायला बरीच वर्षं लागली. जुन्या संगणकातला अर्धवट खेळ नव्यात कसा न्यायचा, हा प्रश्न आज घरोघरी चिरंजीव मंडळींना पडतो. पण मुळात अर्धवट खेळ ठेवायचा कुठे, इथूनच सुरुवात होती. 1979 साली अमेरिकेत अटारी कंपनीचा 'अ‍ॅस्टेरॉइड्स' आला. नाणं टाकून खेळायचं हे यंत्र. भरपूर गुण मिळवले तर तीन आद्याक्षरं लिहायला मिळत. माणसाला अमर व्हायला तीन अक्षरं पुरतात, हा त्यामागचा उदात्त विचार. पण रात्री दुकानदारानं बटण बंद केलं की सगळे अमर एकदम खलास! सकाळी यंत्राची पाटी कोरी.

मग कॅसेट आली. ब्रिटनमध्ये 1982 साली निघालेला 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा घरगुती संगणक आपली माहिती गाण्याच्या साध्या कॅसेटवर ठेवत असे. टेपरेकॉर्डरवर ती लावली तर मांजरांच्या भांडणासारखा आवाज येई. घरात एक टेपरेकॉर्डर आणि चार हौशी माणसं असली की त्या कॅसेटचं काय होत असेल, हे ज्यांच्या लग्नाच्या कॅसेटवर कोणीतरी क्रिकेटची कॉमेंट्री भरली आहे त्यांना सांगायला नको.

जपान्यांनी त्यावर अस्सल पौर्वात्य तोडगा काढला. 1986 च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये राजाला भेटलं की तो एक मंत्र देई. नावच 'पुनरुज्जीवनाचा मंत्र'! वीस अक्षरांचा, अर्थ शून्य. तो वहीत उतरवायचा आणि पुढच्या वेळी जसाच्या तसा यंत्राला म्हणून दाखवायचा. तुमची शिल्लक, तुमची तलवार, तुमचा पराक्रम, सगळं त्या वीस अक्षरांत मुरवलेलं असे. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या भागात मंत्र बावन्न अक्षरांपर्यंत वाढला. एक अक्षर चुकलं की देव प्रसन्न नाही. आमच्याकडे सही जुळली नाही की चेक परत जातो, तसंच ते. फायदा एवढाच की वही काखोटीला मारून शेजारच्या घरी जावं आणि त्याच्या यंत्रावर आपला खेळ पुढे चालू करावा. खातं एका शाखेतून दुसऱ्या शाखेत नेण्याची इतकी स्वस्त सोय पुन्हा झाली नाही.

अमेरिकेत 1987 साली 'झेल्डा'ची सोनेरी कार्ट्रिज निघाली. तिच्या पोटात बटणाएवढा सेल होता. वीज गेली तरी तो सेल खेळ जपून ठेवी. सेल संपला की राज्य खालसा. 1994 च्या प्लेस्टेशननं खेळाडूच्या हातात कार्डच दिलं. त्यात पंधरा खण. सोळावा खेळ ठेवायचा तर आधीचा एखादा पुसा. लॉकरसाठी येणाऱ्या गिऱ्हाइकांना मी हेच वेगळ्या शब्दांत सांगत असतो.

आणि एका कंपनीनं तर थेट बँकच काढली! 'पोकेमॉन बँक'. 2013 च्या डिसेंबरात जपानात सुरू झाली. एका खेळात पकडलेले प्राणी तिथं ठेवायचे आणि पुढच्या खेळात काढून घ्यायचे. क्षमता तीन हजार प्राण्यांची. तेव्हा वार्षिक फी पाचशे येन होती, व्याज नाही. हे मी आमच्या साहेबांना सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते.

एवढा इतिहास मला माहीत असण्याचं कारण आमचे वडील.

अण्णा पोस्टातून निवृत्त झाले आणि 2005 साली घरात आलेल्या संगणकावर 'फ्रीसेल' खेळू लागले. पत्त्यांचा हा खेळ विंडोज 95 बरोबर घरोघर पोहोचला. त्यात 32,000 डाव, प्रत्येकाला नंबर. 1994 च्या सुमारास इंटरनेटवरच्या हौशी लोकांनी हे डाव आपसांत वाटून घेतले आणि सोडवत सुटले. सगळे सुटले, एक राहिला: नंबर 11982. तो सुटूच शकत नाही, असं पुढे संगणकांनीही सांगितलं. आमच्या संगणकावर विंडोज एक्सपी होतं. त्यात डाव दहा लाख आणि न सुटणारे आठ. पण अण्णांची निष्ठा 11982 वर. "कोणी सुटत नाही म्हणालं म्हणून पाकीट परत पाठवायचं का रे?" असं ते विचारत. पोस्टाचा माणूस! अर्धा पत्ता असलेलं पाकीटसुद्धा पोहोचवण्यात त्यांची हयात गेली होती.

अण्णा गेले. संगणक कोपऱ्यात राहिला. गेल्या वर्षी तो कुरकुरू लागला तेव्हा चिरंजीवांनी फ्रीसेल पेन ड्राइव्हवर उचलून नव्या संगणकात नेला. खेळ सुरू झाला, पण आकडे बघावेत तर जिंकलेले शून्य, हरलेले शून्य. सौ. हळूच म्हणाली, "अण्णांचं काहीच नाही आलं?"

कारण ऐकून मला आनंदच झाला. खेळ एकीकडे असतो आणि हिशेब दुसरीकडे. एक्सपीमध्ये फ्रीसेलचे आकडे खेळाच्या फाइलमध्ये नसून 'रजिस्ट्री' नावाच्या भागात असतात. रजिस्ट्री म्हणजे आपलं रजिस्टरच! टेबल उचलून नेलं आणि लेजर माळ्यावर राहिलं तर शिल्लक कशी येणार? शिवाय त्या रजिस्टरात ज्याचं-त्याचं खातं ज्याच्या-त्याच्या नावावर. चिरंजीवांनी जुन्या संगणकावर अण्णांच्या नावानं प्रवेश केला, रजिस्टरातलं तेवढंच पान 'एक्सपोर्ट' केलं, नव्या संगणकावर अण्णांच्या नावाचं खातं उघडलं आणि त्यात ते 'इम्पोर्ट' केलं. पुढे नेले, मागून आणले.

आकडे आले. जिंकलेले 2,914. हरलेले 1,007. हजारावर हार हे आमच्या अण्णांच्या हुशारीला शोभणारं नव्हे. पण त्यातल्या निम्म्याअधिक एकाच नंबरच्या असणार, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या आकड्यांच्या खिडकीत 'क्लिअर' नावाचं एक बटण आहे. तिकडे बोट जाता कामा नये, अशी घरात सक्त ताकीद आहे. चिरंजीव आपल्या नावाच्या खात्यात खेळतात. अण्णांचं खातं वेगळं.

मात्र बँकेचा एक नियम आहे. खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ ग्राहकाचा व्यवहार झाला नाही, तर ते निष्क्रिय धरतात. म्हणून अण्णांच्या तिथीला, पानं वाढायच्या आधी, मी त्यांच्या खात्यात जाऊन 11982 चा एक डाव टाकतो. तासभर झटतो. आतून सौ. विचारते, "सुटला का?"

हरलेले 1,008. खातं चालू.