एकात एक पाकीट

बीड जिल्ह्यातील चकलांबा येथे शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही नववी-दहावीच्या मुलांबरोबर एक खेळ खेळलो. साहित्य म्हणजे साधी कागदी पाकिटे. चिठ्ठीची घडी करून तिच्यावर ज्याला द्यायची त्याचे नाव लिहायचे. ती घडी ज्या पाकिटात जाईल त्यावर तिसऱ्या निरोप्याचे नाव. ते पाकीट आणखी मोठ्या पाकिटात, त्यावर दुसऱ्याचे. आणि सर्वांत बाहेरच्यावर पहिल्या निरोप्याचे. प्रत्येकाने आपल्या नावाचे पाकीट तेवढे फोडायचे आणि आतले पुढे द्यायचे. म्हणजे पहिल्याला पाठवणारा ठाऊक, पण चिठ्ठी कोणाला जाणार ते नाही; तिसऱ्याला घेणारा ठाऊक, पण पाठवणारा नाही; मधल्याला दोघेही नाहीत.

पहिल्या फेरीत एकाच मुलीने चिठ्ठी पाठवली आणि खेळ फसला. भिंतीला टेकून पाहणाऱ्या मुलांनी कोणाची चिठ्ठी कोणाला गेली ते लगेच सांगितले. वर्गात एकच पाकीट फिरत असेल तर पाकिटावर पाकिटे चढवून काय उपयोग? दुसऱ्या फेरीत बारा जणांनी एकदम चिठ्ठ्या सोडल्या, निरोप्यांनी त्या गोळा करून, पिसून पुढे दिल्या, आणि मग मात्र पाहणाऱ्यांची दांडी गुल झाली.

शिबिराला आलेले एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "ही तर भूमिगतांची रीत." बीड जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तेव्हा ही आठवण त्या वयाच्या माणसाला सुचणे साहजिकच. मागचा एक आणि पुढचा एक, एवढेच कार्यकर्त्याला ठाऊक असावे, म्हणजे तो पकडला गेला तरी साखळी तुटते, उलगडत नाही. ही रीत पाळता आली नाही तर काय होते, याचे उदाहरण मुंबईत सापडते. 'चले जाव' चळवळीत, 27 ऑगस्ट 1942 पासून, काँग्रेस रेडिओ हे गुप्त केंद्र 42.34 मीटरवर बोलू लागले. बाविशीतल्या उषा मेहता, बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी आदी मंडळी ते चालवीत. लहरींचा उगम शोधत पोलिसांच्या गाड्या फिरत, म्हणून केंद्राची जागा सारखी बदलावी लागे. पण प्रक्षेपक एकच, आणि तो कोठे आहे हे तंत्रज्ञाला ठाऊक असणारच. तो पोलिसांच्या हाती लागला, त्याने जागा दाखवली, आणि 12 नोव्हेंबरला केंद्र पकडले गेले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

ज्या साखळीत कोणत्याच एका कडीवर पूर्ण भरवसा टाकावा लागत नाही अशी साखळी बांधता येईल का? संगणकाच्या जगात या प्रश्नाला पहिले नेमके उत्तर 1981 मध्ये डेव्हिड चॉम या अमेरिकन संशोधकाने दिले. त्यांनी सुचवलेले मधले संगणक पत्रे गोळा करीत, एकेक कुलूप काढीत आणि क्रम बदलून पुढे पाठवीत. पाकिटाऐवजी येथे सांकेतिक लिपीचे थर असतात आणि प्रत्येक थराची किल्ली एकाच संगणकापाशी असते. मात्र पत्रे साचेपर्यंत थांबायचे म्हणजे वेळ लागणार. टपालाला ते चालते. समोर पान उघडण्याची वाट पाहणाऱ्याला चालत नाही.

1990 च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत गोल्डश्लाग, रीड आणि सिव्हरसन या तिघांनी थरांची कल्पना झटपट चालणाऱ्या जोडणीला लावली. थरांमुळे तिचे नाव पडले कांदा-मार्ग. आणि येथे त्यांना आमच्या पहिल्या फेरीचीच अडचण भेटली. जाळे केवळ नौदलाचे असेल, तर त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक निरोप नौदलाचा, हे कोणीही ओळखेल. लपायचे तर गर्दी हवी, आणि गर्दीत अनोळखी माणसे हवीत. म्हणून सिव्हरसन यांनी रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांच्यासह बांधलेले 'टॉर' हे जाळे ऑक्टोबर 2002 मध्ये सर्वांसाठी खुले झाले. आज्ञावलीही उघडी ठेवली. एका लष्करी संस्थेने आपले गुपित राखण्यासाठी साधन जगाला वाटून टाकावे, ही विज्ञानाच्या इतिहासातली आम्हाला फार आवडणारी गोष्ट आहे.

2003 अखेर या जाळ्यात स्वयंसेवकांचे जेमतेम डझनभर संगणक होते. बहुतेक अमेरिकेत, एक जर्मनीत. आज ते हजारोंनी आहेत. त्यांना रिले म्हणतात. रिले चालवणे म्हणजे एकदा यंत्र लावून विसरणे नव्हे. नव्या रिलेवर पहिले तीन दिवस फारशी वाहतूक सोपवली जात नाही. आधी त्याचा वेग मोजतात. आठव्या दिवसापासून तो साखळीतला पहिला निरोप्या, म्हणजे पहारेकरी, होऊ शकतो. पण त्यासाठी तो अखंड चालू राहिला पाहिजे. आज्ञावली वेळोवेळी बदलावी लागते, ओळखीची किल्ली जपावी लागते. एकाच माणसाचे अनेक रिले असतील तर ते एका कुटुंबाचे आहेत असे जाहीर करायचे, म्हणजे एका साखळीत त्यातले दोन येत नाहीत. जाळ्याची यादी ठेवणारे मोजके संगणक दर तासाला मतदान करून कोणते रिले ग्राह्य ते ठरवतात. स्वयंसेवकांवरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही: 2014 मध्ये जानेवारीच्या अखेरीपासून 115 संशयास्पद रिले जाळ्यात शिरून वापरणाऱ्यांचा माग काढू पाहत होते, ते जुलैमध्ये हटवले गेले. शिवाय साखळीच्या दोन्ही टोकांवर एकाच वेळी लक्ष ठेवणाऱ्याला वेळेच्या मेळावरून बरेच काही कळते. ही उणीव आजही आहे.

सर्वांत अवघड जागा शेवटच्या निरोप्याची. बाहेरच्या जगाला पत्ता दिसतो तो त्याचाच. या जाळ्यातून पत्रकार आणि छळ झालेली माणसे बोलतात, तसा मादक पदार्थांचा व्यापारही चालला आहे. हे लपवण्यात अर्थ नाही. एप्रिल 2017 मध्ये मॉस्कोत गणिताचा एक तरुण शिक्षक दंगलीला चिथावणी दिल्याच्या आरोपावरून पकडला गेला. मजकूर त्याच्या पत्त्यावरून गेला होता, कारण तो घरी शेवटचा रिले चालवीत असे. तो कोठडीत असतानाही त्याच टोपणनावाने लिखाण होत राहिले. सुमारे तीन महिन्यांनी त्याला तुरुंगातून काढून घरात स्थानबद्ध केले. आरोप मागे घेतले गेले ते 2018 च्या मे महिन्यात.

हे सांगून झाल्यावर चकलांब्यातील एका शिक्षिकेने विचारले, "सर, आमच्या शाळेच्या संगणकावर रिले चालेल का?" आम्ही वीज किती वेळ असते ते विचारले. उत्तर म्हणून सारा वर्ग हसला. पहारेकरी होण्याचा प्रश्न तेथेच मिटला, आणि शेवटचा रिले शाळेत लावू नका असे आम्ही आपणहून सांगितले. पण एक जागा उरते. 'स्नोफ्लेक', म्हणजे हिमकण, नावाच्या सोयीत ज्यांना जाळ्याचे दारच बंद केले आहे अशांना आत पोचवणारे तात्पुरते मदतनीस असतात. ब्राउझर उघडा असेल तेवढा वेळच ते काम करतात. एक विरघळला की त्याची जागा दुसरा घेतो. बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता दिसत नाही, कारण त्यांच्या पुढे नेहमीची तीन टप्प्यांची वाट असतेच. सप्टेंबर 2022 मध्ये इराणात निदर्शने होऊन इंटरनेटवर बंधने आली तेव्हा तेथील कितीतरी लोक याच वाटेने बाहेर आले.

बाईंनी वहीत 'हिमकण' असा शब्द लिहून घेतला आणि विचारले, "दुपारी अकरा ते तीन वीज असते. तेवढी पुरेल ना?"

पुरेल, असे आम्ही सांगितले. मात्र मुख्याध्यापकांना आधी विचारा.